एव्होरा येथील चर्चवास्तू

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेंतेझु प्रदेशातील एव्होरा हे तटबंदीचे शहर. ११६५ मध्ये जेराल्दु सें पावोर या पोर्तुगीज योद्ध्याने ते मुस्लिम सत्तेकडून घेतले. पुढे राजदरबार येथे वारंवार मुक्कामाला येऊ लागला आणि त्या राजाश्रयामुळे शहरात एकाहून एक चर्चे उभी राहिली. जुने शहर १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

कॅथीड्रलचे काम ११८६ मध्ये सुरू झाले. ग्रॅनाइटची ही इमारत बाहेरून किल्ल्यासारखी भक्कम असून तिचे दोन बुरूज एकसारखे नाहीत. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना चौदाव्या शतकातील संगमरवरी प्रेषित उभे आहेत. पोर्तुगालमधील गॉथिक मूर्तिकामात त्यांना फार वरचे स्थान द्यावे लागेल. आत गरोदर मेरीची रंगीत मूर्ती आहे. पोटावर हात ठेवून ती उभी आहे आणि समोर देवदूत गॅब्रिएल आहे. अपत्यप्राप्तीसाठी व सुखरूप बाळंतपणासाठी तिच्यापुढे प्रार्थना केली जाते. मुख्य वेदीचा भाग अठराव्या शतकात लुदोव्हिसी या वास्तुकाराने रंगीत संगमरवरात नव्याने बांधला. तो देखणा आहे, पण मूळ ग्रॅनाइटच्या गंभीरपणाशी त्याचा मेळ बसत नाही. सोळाव्या शतकातील ऑर्गन अजूनही आहे. १५८४ मध्ये गोव्यामार्गे युरोपात आलेल्या जपानी ख्रिस्ती शिष्टमंडळातील तरुणांचे येथे स्वागत झाले होते. दुवार्ते लोबु व मानुएल कार्दोझु हे संगीतकार याच कॅथीड्रलच्या संगीतशाळेत घडले. गोव्याचे पहिले आर्चबिशप गास्पार द लेआंव हेही आधी येथील धर्माधिकारी मंडळात होते.

सेंट फ्रान्सिस चर्च हे गॉथिक व मानुएलाइन (पोर्तुगालमधील अलंकृत उत्तर-गॉथिक) शैलींचा संगम आहे. रुंद, एकसलग सभागृहावर दगडी कमानींचे छत आहे. त्याला लागून असलेले अस्थींचे चॅपेल पाहायला जगभरातून लोक येतात. शहरातील भरून गेलेल्या दफनभूमींतून काढलेल्या सुमारे ५,००० मृतांच्या अस्थी फ्रान्सिस्कन साधूंनी येथे चुन्यात बसवल्या. लांब हाडांचे थर, त्यांच्या कडेने कवट्यांच्या रांगा, अशा रीतीने भिंती व खांब मढवले आहेत. ‘आम्ही अस्थी तुमच्या अस्थींची वाट पाहत आहोत’ अशा अर्थाची ओळ दारावर कोरली आहे. घाबरवणे हा साधूंचा हेतू नव्हता. मरणाचे भान ठेवून जगावे, यासाठी ही चिंतनाची जागा होती. घाईघाईने छायाचित्र काढून निघणाऱ्याला ती कळत नाही.

शहरातील प्राचीन रोमन मंदिराशेजारच्या लोइउश चर्चमध्ये आंतोनियु द ऑलिव्हेइरा बर्नार्देश यांनी १७११ मध्ये रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांनी भिंती झाकल्या आहेत. जमिनीतील झडप उचलली की खाली पाण्याचे जुने टाके दिसते. ग्रासा चर्चच्या दर्शनी भागावर चार दगडी महाकाय पुरुष बसले आहेत. गावकरी त्यांना लाडाने ‘ग्रासाची पोरे’ म्हणतात. तटाबाहेरील सेंट ब्लेझ चॅपेल पंधराव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या साथीनंतर बांधले गेले. गोलाकार आधारस्तंभ, त्यांवरील शंकूसारखी टोके आणि छतालगतचे कंगोरे यांमुळे ते लहानशा गढीसारखे भासते.