प्रकाशाची राखण

सिंक्रोट्रॉन-प्रकाशासारखा विषय कामगार चळवळीतल्या माणसांनी व्याख्यानमालेत मांडावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे विज्ञानाचे शिक्षण शाळेत झाले नाही. युनियनची कामे आटोपल्यावर रात्री वाचलेल्या जुन्या पुस्तकांवर झाले. पण या प्रकाशाच्या इतिहासाचे पहिले पान एका तंत्रज्ञाच्या हातचे आहे, आणि तेथेच आमचा या विषयावर हक्क पोचतो.

सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांना लोहचुंबकांच्या योगाने निर्वात नळीत गोल फिरवून त्यांची शक्ती वाढविणारे यंत्र. असे एक यंत्र अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारले होते. २४ एप्रिल १९४७ रोजी ते चालू असताना नळीत ठिणगी पडते की काय हे पाहण्यासाठी फ्लॉइड हेबर या तंत्रज्ञाने काँक्रीटच्या आडोशामागून आरशात डोकावले. नळीत त्याला लखलखीत उजेड दिसला. ठिणगीच पडली असे समजून त्याने यंत्र बंद करण्याचा इशारा दिला. तपासणीत नळीतली निर्वात स्थिती उत्तम आढळली. म्हणजे ठिणगी नव्हती. वळण घेताना इलेक्ट्रॉनच तो प्रकाश टाकीत होते! पुढे हाच प्रकाश धातू, औषधे आणि प्रथिने यांची अंतर्रचना पाहण्याचे साधन झाला.

याच कंपनीने आपल्या डहाणूच्या दक्षिणेस तारापूरला देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राच्या दोन अणुभट्ट्या दिल्या; ते केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्या भट्ट्या परक्या होत्या. तथापि नियंत्रणाची विद्या आपल्याकडे त्यापूर्वीच रुजली होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' भट्टी सुरू झाली, तेव्हा तिचे इंधन विलायतेतून आले होते. पण तिची नियंत्रण-यंत्रणा अ. स. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथेच घडविली होती. त्याच परंपरेतून १९६७ साली हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन निघाली.

होळकरांच्या इंदूरला मराठी माणूस परका नाही. तेथे १९८४ साली राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. दिलीप भवाळकर हे त्याचे पहिले संचालक. १९९९ साली तेथे 'इंडस-१' चालू झाले आणि २००५ साली 'इंडस-२'. त्या केंद्राला आता राजा रामण्णांचे नाव आहे. 'इंडस-२' चा परीघ सुमारे १७२ मीटर. इलेक्ट्रॉन त्यात एका सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या घालतात.

येथे नियंत्रणाचे काम काय, हे समजण्यासाठी आपल्या वारली बांधवांचा तारपा नाच डोळ्यांपुढे आणावा. तारपेवाला सूर बदलतो आणि सारी साखळी एकाच वेळी पाऊल बदलते. एकाचे पाऊल चुकले की साखळी ओढली जाते. 'इंडस-२' मध्ये इलेक्ट्रॉन ५५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीने शिरतात आणि तेथे २५० कोटींपर्यंत चढविले जातात. चढताना सर्व चुंबकांचा प्रवाह एका तालात वाढावा लागतो. एक जरी मागे राहिला तरी झोत नळीच्या भिंतीवर आदळून नाहीसा होतो. म्हणून झोत नळीच्या मध्यापासून किती सरकला, निर्वातपणा किती टिकला, चुंबकाचे पाणी किती तापले, हे जागोजागी मोजणारी उपकरणे आहेत. त्यांची खबर यंत्राजवळच्या संगणकांकडे, तेथून मधल्या थराकडे आणि शेवटी नियंत्रण-कक्षातल्या पडद्यावर जाते. आज्ञा त्याच वाटेने उलट येते. ही तीन थरांची यंत्रणा केंद्रातल्या माणसांनी स्वतः उभारली.

एवढ्या वेगापुढे माणसाचा हात तोकडा आहे. हेबरने इशारा दिला, कोणी तरी तो पाहिला आणि मग यंत्र थांबले; आज तेवढ्या अवधीत इलेक्ट्रॉनांच्या लाखो फेऱ्या होतील. त्यामुळे थांबविण्याचे पुष्कळसे काम यंत्राकडेच सोपविले आहे. पण सुरू करण्यापूर्वी माणूस लागतोच. बोगद्यात कोणी राहिले नाही ना, हे पाहण्यासाठी माणसे आत चालत जातात, ठरावीक जागांची बटणे दाबीत बाहेर येतात, दारे बंद होतात, भोंगा वाजतो. या साखळीतली एक कडी जरी सुटली तरी झोत सोडता येत नाही. झोत चालू असता दार उघडले तर तो आपोआप तुटतो. कारखान्यात याला 'इंटरलॉक' म्हणतात.

या शब्दापाशी आम्ही थबकतो, कारण हाच इंटरलॉक उत्पादनाची घाई झाली की तारेचा तुकडा लावून निकामी केलेला आम्ही या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत पाहिला आहे. फिरत्या यंत्रात बोटे गमावलेली कंत्राटी पोरे आमच्या कचेरीत आली आहेत. त्यातली कित्येक डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची. ज्यांच्या आजोबांनी १९४५ साली झरीच्या परिषदेनंतर वेठ नाकारली, त्यांच्या नातवांना धोक्याचे यंत्र थांबविण्याचा अधिकार नसावा, ही गोष्ट आम्हांला बोचते.

कोणी म्हणेल, सिंक्रोट्रॉनला सरकारचा पैसा असतो, लहान कारखान्याला हा खर्च कसा झेपावा? पण दाराच्या इंटरलॉकला मोठी विद्या लागत नाही. दार उघडले की यंत्र बंद, एवढाच त्याचा नियम. खर्चाहून अधिक लागते ते मालकाचे मन, आणि त्याहूनही अधिक लागते ती कामगाराला आपल्या यंत्राची माहिती.

हेबरचा अंदाज खोटा ठरला, तरी यंत्र थांबवल्याबद्दल कोणी त्याचा पगार कापला, असे इतिहासात कोठे नमूद नाही. ठिणगी असो वा नवा प्रकाश, जो यंत्राजवळ उभा असतो त्याला तो आधी दिसतो. त्याच्या इशाऱ्याला जेथे मान आहे, तेथेच विद्या वाढते आणि माणसेही सुखरूप घरी जातात.