कचरा निवडणारे हात

मंडळी, कचरा निवडणारी यंत्रं आता आपल्याकडेही येऊ लागली आहेत. सरकत्या पट्ट्यावरून कचरा जातो, लोहचुंबक लोखंड ओढून घेतं, अवरक्त किरणांनी प्लॅस्टिकचा प्रकार कळतो आणि हवेचा झोत तो तुकडा बाजूला उडवतो. काळं प्लॅस्टिक मात्र पुष्कळदा निसटतं, कारण त्यातली काजळी किरण शोषून घेते. आमच्या देवपुरातल्या भंगारवाल्याला ही अडचण नाही. तो वाकवून, वाजवून सांगतो! असो.

आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं बहुतेक बायकांनीच केलं. मी शाळेत इतिहास शिकवला, त्यात त्या कुठेच नव्हत्या, म्हणून इथे लिहितो.

१९९० च्या सुमारास पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरावेचक बायकांपर्यंत पोचल्या. गेल्या होत्या शिकवायला. बायकांची गरज निराळीच होती. उकिरड्यात हात घालण्यापेक्षा घरोघरी वेगळा ठेवलेला सुका माल मिळाला तर त्यांना हवा होता. तशी सुरुवात झाली, आणि तेवढ्यात घरोघरचा कचरा गाडीने उचलायला एक खाजगी माणूस पुढे आला. म्हणजे कागद, काच, पत्रा सगळं गाडीत, आणि यांच्या पोटावर पाय. बायका रस्त्यावर आल्या. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने त्यांची परिषद भरली, आठशेवर कचरावेचक जमले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. मराठीचा पदवीधर म्हणून सांगतो, या नावातला 'कष्टकरी' हा शब्द फार मोलाचा आहे. तोवर लोक त्यांना चोरच समजत.

पुढे महापालिकेने त्यांची ओळखपत्रं मान्य केली. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी घरोघरच्या कचऱ्यासाठी करार केला. २०१६ च्या केंद्रीय नियमांत तर कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असंच म्हटलं होतं.

यंत्राला माझा विरोध नाही. उकिरड्यात हात कापून घ्यावा असं कोणाला वाटेल? पण वरणाने भिजलेला कागद यंत्रालाही नकोच असतो. ओला-सुका घरातच वेगळा हवा, हे त्या बायका तेव्हापासून सांगत होत्या. आणि १९९३ चा प्रश्न यंत्रापाशीही येतोच: विकलेल्या बाटलीचे पैसे कोणाला? निविदा काढताना नगरपालिकांनी हे आधीच लिहून घ्यावं, आणि पट्ट्याजवळच्या कामावर पहिला हक्क या बायकांचा ठेवावा.