प्रयोगशाळेचा उंबरठा

विज्ञानाला स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नसतो, असें आपण सभासंमेलनांतून मोठ्या उत्साहानें सांगत असतों. विज्ञानाच्या संस्थांना मात्र तो चांगलाच ठाऊक होता. कमला भागवत, म्हणजे पुढील काळांतील कमलाबाई सोहोनी, यांनीं १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा प्रथम क्रमांकानें उत्तीर्ण होऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेश मागितला. वडील नारायणराव व चुलते माधवराव तेथूनच रसायनशास्त्र शिकून बाहेर पडलेले. तेव्हां वाट घरचीच होती. परंतु संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं केवळ त्या स्त्री आहेत म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाईंनीं सत्याग्रहाचा मार्ग धरला, तेव्हां कोठें प्रवेश मिळाला, तोहि अटींवर. पहिलें वर्ष परीक्षणाचें. शिवाय त्यांच्या उपस्थितीनें पुरुष सहकाऱ्यांचें चित्त विचलित होतां कामा नये!

ही दुसरी अट विचार करण्याजोगी आहे. ज्याचें चित्त त्यानें तें आवरावें, हा साधा न्याय. येथें तो भार एका विद्यार्थिनीवर टाकला गेला. एखाद्या मुलाचें संशोधन फसलें तर तो एकटा अपयशी ठरतो. कमलाबाईंचें फसतें, तर मागून येणाऱ्या मुलींच्या अर्जांची वासलात तेव्हांच लागली असती. रामन यांची थोरवी वादातीत आहे; म्हणूनच हा प्रसंग झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

श्रीनिवासय्यांच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. केंब्रिज येथें बटाट्यावर काम करून, वनस्पतींच्या पेशींतहि सायटोक्रोम-सी असतें, हें दाखविलें व १९३९ सालीं पीएच. डी. मिळविली. असें यश पदरीं असतांना गरिबाच्या ताटाकडे पुन्हा वळणारे शास्त्रज्ञ थोडे. कमलाबाई वळल्या. कुपोषित आदिवासी मुलें व गरोदर स्त्रिया यांना नीरेचा काय उपयोग होतो, हें त्यांनीं मुंबईच्या विज्ञान संस्थेंत तपासलें. उतारवयांत ग्राहक-मार्गदर्शन संस्थेचें अध्यक्षपदहि (१९८२-८३) सांभाळलें.

एकीच्या यशानें दार सताड उघडलें, असें मात्र झालें नाहीं. ॲना मणी यांनीं १९४० पासून रामन यांच्याच प्रयोगशाळेंत हिरे व माणकें यांच्या वर्णपटांवर काम केलें. १९४२ ते १९४५ या काळांत पांच शोधनिबंध प्रसिद्ध केले. या वेळीं रामन आडवे आले नव्हते. एम. एस्सी. नाहीं म्हणून मद्रास विद्यापीठानें पीएच. डी. नाकारली. नियम सर्वांना सारखाच, असें यावर कोणी म्हणेल, म्हणो बापडे. तो पुरा झालेला प्रबंध बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयांत ठेवलेला आहे.