अस्सल चवीचा पत्ता

प्रवासात 'ऑथेंटिक' हॉटेल शोधायची मला जुनी खोड आहे. गोदामाच्या सॉफ्टवेअरच्या निमित्ताने भिवंडीच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा तिथेही शोध सुरू केला. हायवेवर ढाबे, गावात बिर्याणी. ते सगळं ठाण्यातही मिळतं हो! शेवटी एका यंत्रमागवाल्याने सांगितलं, भिशीत जा.

आपल्याला भिशी म्हणजे बायकांची, चिठ्ठ्या टाकून पैसे उचलायची एवढीच माहीत. भिवंडीत भिशी म्हणजे माग कामगारांची खाणावळ. मेनूकार्ड वगैरे भानगड नाही. दोन वेळचं जेवण आणि पगार झाला की हिशोब. थोडक्यात, उधारीवर चालणारं स्वयंपाकघर.

आता गंमत अशी की भिशी एक नाही. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर इथे येऊन स्थिरावले. तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांचं पद्मानगर झालं. कोकणी मुसलमान तर त्यांच्याही आधीचे. पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं आणखी काम इकडे वळलं. उत्तर प्रदेश-बिहारमधून पोरं एकटी आली. बारा तासांची पाळी, खोलीत पाळीपाळीने झोपायचं, चूल मांडणार कुठे? मग गावाकडचाच कुणीतरी रांधायला बसला. म्हणून एका भिशीत चोखा, तर दुसरीत चिंचेचं पुलुसु आणि डोळ्यांतून पाणी काढणारं लोणचं!

हे गिरणगावातही होतंच. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार खाणावळवाल्या बायकांकडे जेवायचे. या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. न्यूयॉर्कमध्ये क्यूबन जेवण शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं चिनी माणूस वाढत असे. 1847 ते 1874 या काळात सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर करारावर क्यूबात उसाच्या मळ्यांत नेले गेले. तिथे चिनी वस्ती रुजली. 1959 च्या क्रांतीनंतर त्यांच्यातले बरेच जण न्यूयॉर्कला आले आणि काळा घेवडा, तळलेली केळी आणि फ्राइड राइस एकाच ताटात आले. 'ला कारिदाद 78' हे त्यातलं नावाजलेलं, 1968 चं. आता याला अस्सल क्यूबन म्हणायचं की नाही? मी तर म्हणेन. स्वयंपाकी ज्या वाटेने आला, ती वाट ताटात दिसतेय की!

पण ही चव टिकते ती रोजच्या गिऱ्हाइकावर. 'ला कारिदाद' 2020 मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी मार्चअखेर भिवंडीचे माग थांबले. माग नाही तर पगार नाही, पगार नाही तर भिशीवाला वाण्याला काय देणार? भिश्यांच्या चुली विझल्या आणि लोक नाशिक हायवेने पायी निघाले. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. पुढे माग सुरू झाले तसे कामगार परतू लागले, आणि भिश्याही पुन्हा उधारीवरच उघडल्या.