वेल्च गेला, ऑर्गन आला

आज बोलू या ‘द शॅडोज’ या ब्रिटिश बँडबद्दल. गायक क्लिफ रिचर्डला साथ करणारी ही मंडळी. 1960 साली त्यांची ‘अपाची’ ही नुसत्या वाद्यांवरची धून ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. लोकांच्या लक्षात राहिली ती हँक मार्विनची लीड गिटार. मला मात्र तिच्यामागे वाजणारी ब्रूस वेल्चची ऱ्हिदम गिटार तितकीच महत्त्वाची वाटते.

का, ते सांगतो. गिटारच्या तारा छेडल्या की आवाज उमटतो आणि लगेच विरू लागतो. म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर थोडी मोकळी जागा उरते. मार्विन टेपवर चालणारं एको यंत्र वापरायचा. त्याच्या सुरांचे प्रतिध्वनी याच जागांत उठून दिसायचे. शिवाय वेल्चचा हात सूरही भरायचा आणि तालही धरायचा. तंबोरा आणि ठेका एकाच माणसाने सांभाळावा, तसं काहीसं.

1968च्या अखेरीस वेल्च बाहेर पडला आणि बँड थांबला. 1969मध्ये जपानच्या दौऱ्यासाठी मंडळी पुन्हा जमली, पण वेल्चच्या जागी दुसरा गिटारवाला आला नाही. आला तो ॲलन हॉकशॉ, कीबोर्डवादक. टोकियोतल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रणही निघालं, त्यामुळे जुनं-नवं शेजारी ठेवून ऐकता येतं.

ऑर्गनची पट्टी दाबून ठेवली की सूर विरत नाही, बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. मोकळ्या जागा भरून जातात. आवाज भरदार होतो, पण एकोला वाव कमी उरतो. छेडलेल्या तारांची खरखर गेली की लय धरण्याचं सगळं ओझं बास आणि ड्रमवर, म्हणजे जॉन रॉस्टिल आणि ब्रायन बेनेटवर येतं. फायदाही आहेच. कीबोर्डवाला स्वतः धून उचलू शकतो, मार्विनला उत्तर देऊ शकतो, त्या काळच्या रॉकच्या जवळ जाऊ शकतो. रंगमंचावर मात्र एक गोष्ट हरवते. मार्विन आणि वेल्च गिटार घेऊन एका लयीत पावलं टाकायचे. ऑर्गन घेऊन कोण नाचणार?

या अदलाबदलीचा निकाल पुढे बँडनेच दिला. 1973मध्ये नवी जुळणी झाली तेव्हा वेल्च परत होता. 1977च्या दौऱ्यात कीबोर्डही होता, नंतर क्लिफ हॉल बरीच वर्षं कीबोर्डवर होता. पण आता तो वेल्चच्या जागी नव्हता, त्याच्या जोडीला होता.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांतही खर्च वाचवायला दोन-तीन वादकांचं काम एका कीबोर्डवर सोपवतात. सूर सगळे मिळतात. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा सुरांच्या मधल्या जागांकडे कान द्या. हिशेबात न धरलेला वादक तिथेच असायचा.