पाण्याला वाट : ओल्या रस्त्यावरच्या टायरचा इतिहास

१९०८ साली अमेरिकेतील फायरस्टोन कंपनीने बाजारात आणलेल्या एका टायरवर नक्षीऐवजी अक्षरे होती. ‘फायरस्टोन’, ‘नॉन’ आणि ‘स्किड’ हे तीन शब्द तिरक्या ओळींत, उठावदार ठशांत, टायरच्या संपूर्ण परिघावर पुन्हा पुन्हा घडवलेले. ‘नॉन स्किड’ म्हणजे न घसरणारा. कंपनीचे नाव आणि तिचे आश्वासन हीच टायरची नक्षी. जाहिरात म्हणून युक्ती नामी होती. अक्षरांच्या टोकदार कडा रस्त्यात रुततील आणि चाक धरून ठेवतील, ही त्यामागची समजूत मात्र अर्धीच खरी होती. उरलेला अर्धा भाग उमगायला सुमारे पन्नास वर्षे लागली, आणि तो उमगला विमानांच्या चाकांवरून. या धाग्यात त्याच पन्नास वर्षांची आणि त्यापुढची कथा आहे.

सुरुवातीचा प्रश्न असा की घसरण्याची चिंता एवढ्या उशिरा का निर्माण झाली? हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने, थॉमसनच्या कामाची कल्पना नसताना, तीच गोष्ट पुन्हा शोधली. निमित्त होते मुलाची तीनचाकी सायकल. दोघांनाही हवे होते ते सुख : कमी धक्के, कमी आवाज, हलकी ओढ. पकडीचा विचार दोघांच्याही डोक्यात फारसा नव्हता, आणि त्यात नवल नाही. घोडागाडीत चाकाला फक्त फिरायचे असते. ओढणे, थांबणे, वळणे ही सारी कामे घोड्याच्या टापा करतात. ओल्या फरशीवर घसरायचा तो घोडा. मोटार आली आणि टापांची सगळी जबाबदारी एकाएकी चाकावर येऊन पडली. रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या रबराने आता गाडी ढकलायची, रोखायची आणि वळवायचीही होती.

पहिल्या मोटारींचे टायर गुळगुळीत असत. ओल्या दगडी रस्त्यावर ते कसे वागत असतील, याची कल्पना ‘टायर गोटा झालाय’ असे गॅरेजवाल्याकडून ऐकूनही पावसाळा काढणाऱ्या कोणालाही करता येईल. उपायही त्या काळाला साजेसे निघाले. टायरवर चामड्याचा पट्टा चढवून त्यात पोलादी खिळे ठोकत. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड याने १९०४ मध्ये चाकाभोवती गुंडाळायच्या साखळ्यांचे पेटंट मिळवले. त्याच वर्षी जर्मनीच्या कॉन्टिनेन्टल कंपनीने मोटारीसाठी नक्षीदार टायर आणला आणि चारच वर्षांनी फायरस्टोनची अक्षरे आली. खिळा, साखळी, अक्षर : तिन्हींमागे कल्पना एकच, दातांची. रस्ता चावून धरायचा.

(टायर काळा झाला तोही याच सुमारास. त्याआधी झिंक ऑक्साइडमुळे रबर पांढुरके दिसे. लंडनजवळच्या सिल्व्हरटाऊन येथील कारखान्यात १९०४ च्या सुमारास रबरात काजळी मिसळल्यास ते कमालीचे चिवट होते असे दिसून आले. ही काजळी पुढे पुन्हा भेटेल.)

चिखलात किंवा बर्फात दात उपयोगी पडतात. पावसाने भिजलेल्या पक्क्या रस्त्यात मात्र रुतायला काही नसते. तिथे रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी असते, आणि ते हलल्याशिवाय दोघांची भेटच होत नाही. या दिशेने पडलेले एक लहानसे पाऊल म्हणजे जॉन साइप याचे १९२३ चे अमेरिकी पेटंट. त्याने रबराला सुरीने घ्याव्यात तशा अगदी बारीक चिरा दिल्या. कत्तलखान्याच्या ओल्या जमिनीवर घसरू नये म्हणून त्याने आधी आपल्या बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या होत्या, असे सांगतात. ही आख्यायिका इतकी नीटस आहे की तिच्यावर संशय घ्यावासा वाटतो. पेटंट मात्र खरे आहे. त्या काळचे रबर अशा चिरा फार काळ सोसू शकत नव्हते, म्हणून मोटारींच्या टायरवर त्या सर्रास दिसू लागल्या १९५० च्या दशकात. आज इंग्रजीत त्या चिरेला ‘साइप’ असेच म्हणतात.

पाणी हलवायचे म्हणजे किती, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. टायर २० सेंटिमीटर रुंद, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आणि गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. अशा वेळी एका पुढच्या चाकाला दर सेकंदाला १५ लिटर पाणी, म्हणजे जवळपास एक बादली, वाटेतून बाजूला सारावे लागते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण १५ सेंटिमीटर लांब असतो. तो एखाद्या बिंदूवरून जायला लागतात एका सेकंदाचे सहा हजारांश भाग. एवढ्या अवधीत पाण्याला निसटायला वाट मिळाली नाही, तर ते तिथेच राहते आणि चाक त्याच्यावर चढते.

चढते म्हणजे नेमके काय होते, हे अमेरिकेत व्हर्जिनियातील लँग्ली येथील हवाई संशोधन केंद्रात दिसले. ओल्या धावपट्टीवर उतरलेली विमाने ब्रेकला दाद देईनाशी होत, हे कोडे तिथल्या संशोधकांपुढे होते. १९५७ च्या सुमारास फिरत्या पट्ट्यावर पाणी सोडून त्यावर एक टायर मोकळा फिरू देण्यात आला. वेग वाढत गेला तसा, एका टप्प्यानंतर, तो टायर मंदावला आणि चक्क थांबला. ब्रेक लावलेला नव्हता. खालून पट्टा वेगाने धावतच होता, पण त्याची गती वरच्या रबरापर्यंत पोहोचतच नव्हती. मध्ये पाण्याची पाचर शिरली होती. धावत्या चाकांची छायाचित्रे काचेखालून घेतल्यावर तर पुढून पाणी शिरत जाऊन टायरचा रस्त्याशी असलेला संबंध कसा आक्रसत जातो, तेही उघड झाले.

वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांचा याविषयीचा अहवाल नासाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सूत्र आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे : टायरमधील हवेच्या दाबाचे (पीएसआयमध्ये) वर्गमूळ घ्यावे आणि त्याला ९ ने गुणावे, येतो तो वेग नॉटमध्ये. गुळगुळीत टायर, किंवा नक्षीच्या खोलीहून अधिक पाणी असेल, तर त्या वेगाला चाक पूर्णपणे तरंगू लागते. पेट्रोल पंपावर ‘बत्तीस भरा’ असे सांगितलेल्या टायरसाठी हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर भरतो. हवा २० पर्यंत उतरली असेल, तर तो ७५ च्या आसपास येतो.

या सूत्रात वजन कुठेच नाही. गाडी जड असली की रस्ता घट्ट धरते, ही समजूत आजही सर्वत्र आहे. पण वजन वाढले की टायरचा टेकलेला भागही तेवढाच पसरतो, आणि जमिनीवरचा दाब जवळजवळ हवेच्या दाबाएवढाच राहतो. पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. तो या दाबाला गाठतो त्या क्षणी चाक उचलले जाते. अर्थात सूत्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. रिकामे मालट्रक या सूत्राने सांगितलेल्या वेगाच्या कितीतरी आधी का घसरतात, याचा शोध हॉर्न यांनीच १९८० च्या दशकात घेतला. भार कमी झाला की ट्रकच्या टायरचा टेकलेला भाग आखूड आणि आडवा होतो, आणि आखूड भागाखालचे पाणी पार करणे चाकाला अधिक अवघड जाते. रुबाबासाठी रुंद टायर बसवणाऱ्यांचा हिशेबही इथेच चुकतो. टायर रुंद म्हणजे बाजूला सारायचे पाणीही अधिक.

निदान असे झाल्यावर उपाय दोन्ही बाजूंनी करता येणार होता. एक उपाय रस्त्यावर झाला. धावपट्ट्यांना आडव्या बारीक चऱ्या पाडण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकातच सुरू झाली होती. १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाची धावपट्टी तशी करण्यात आली, आणि तीच युक्ती महामार्गांवर उतरली. दुसरा उपाय टायरवर झाला. १९६९ मध्ये युनिरॉयलने युरोपात खास पावसाचा म्हणून टायर विकायला काढला. १९९१ च्या गुडइयर अॅक्वाट्रेडमध्ये तर टायरच्या मधोमध एक खोल, रुंद चरच होता. १९०८ च्या अक्षरांशी या टायरची तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. तेव्हा महत्त्व उंचवट्याला होते, आता पोकळीला आले.

तथापि पाणी निघून गेल्यावरही रस्ता ओलाच राहतो. पातळ थर उरतो, आणि त्यावर रबर कशाने धरते हा वेगळाच प्रश्न आहे. याचे उत्तर केंब्रिजचे डेव्हिड टेबर आणि ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील सी. जी. जाइल्स व बार्बरा सेबी यांच्या १९५८ च्या सुमाराच्या कामातून मिळाले. कोरड्यात रबर रस्त्याला अक्षरशः चिकटते. ओल्यात ते चिकटणे संपते. उरते ते खडीच्या टोकांनी रबराला दाबणे. दाबलेले रबर लगेच, पूर्ण जोराने उसळून आले, तर खडीच्या पुढच्या बाजूने घेतलेली ऊर्जा ते मागच्या बाजूने परत देते आणि रोध शून्यावर येतो. ते सुस्तपणे, अर्धवट उसळले, तर ऊर्जा उष्णतेत जिरते आणि तोच रोध ठरतो. थोडक्यात, जो रबरी चेंडू टप्पा खात नाही, तो पावसात अधिक चांगला धरतो. सेबी यांनी हेही दाखवले की पाण्याचा थर भेदायला खडीची टोके अणकुचीदार हवीत. झिजून गोल झालेल्या खडीचा रस्ता चांगल्या टायरलाही दगा देतो.

यातून एक पेच उभा राहिला. सुस्त रबर पावसात सुरक्षित, पण प्रत्येक फेऱ्यात ते ऊर्जा जिरवते, म्हणजेच इंधन खाते. १९७३ च्या तेलसंकटानंतर कारखानदारांना इंधन वाचवणारा टायर हवा होता आणि पावसाला त्याच्या नेमका उलट. काजळीने चिवट केलेल्या रबरात एक साधावे तर दुसरे हातचे जाई. मिशेलिनने १९९२ मध्ये काजळीच्या मोठ्या भागाऐवजी सिलिका वापरलेला टायर आणून ही कोंडी बरीचशी फोडली. चाक फिरताना रबर सेकंदाला दहा-वीस वेळा दबते. खडीवर घसरताना हजारो वेळा. सिलिकायुक्त रबर पहिल्या संथ लयीत ऊर्जा राखते आणि दुसऱ्या जलद लयीत जिरवते. टायरच्या इतिहासातील सर्वांत मोठी सुधारणा कोणती, यावर वाद होऊ शकतो; पावसापुरता तरी हा मान नक्षीला नव्हे, या मिश्रणाला द्यावा लागेल.

‘नॉन स्किड’ अक्षरांची फायरस्टोन कंपनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत शिवडीला कारखाना काढून बसली. वर्षातील चार महिने पावसाचे असलेल्या प्रदेशात तिला गिऱ्हाईक शोधावे लागले नसेल. तरीही भारतात टायर दीर्घकाळ विकला गेला तो टिकाऊपणावर : किती हजार किलोमीटर चालेल, हाच दुकानातला पहिला प्रश्न. ओल्या पकडीची किमान पातळी कायद्याने बंधनकारक होण्यास २०२२ साल उजाडले. एआयएस-१४२ या मानकानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरना इंधनरोध, आवाज आणि ओली पकड या तीन कसोट्या लागू झाल्या. युरोपात ओल्या पकडीची श्रेणी २०१२ पासूनच टायरवरील लेबलवर छापली जाते.

ही श्रेणी काय सांगते आणि काय सांगत नाही, ते खरेदीपूर्वी ठाऊक असलेले बरे. मोटारीवरील प्रचलित चाचणीत रस्त्यावर साधारण एक मिलिमीटर पाणी ठेवून, ताशी ८० वरून २० किलोमीटरपर्यंत येण्यास किती अंतर लागते ते मोजतात. म्हणजे ती परीक्षा मुख्यतः टेबर व सेबी यांच्या प्रश्नाची, मिश्रणाची. हॉर्न यांचा प्रश्न, साचलेल्या पाण्यात चाक कधी तरंगेल हा, तिच्या कक्षेत येत नाही. शिवाय परीक्षेला बसतो तो नवा टायर. झिजलेल्या टायरची ओली चाचणी युरोपने नव्या प्रकारच्या टायरसाठी २०२४ मध्ये सुरू केली. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. भारतीय नियमाप्रमाणे मोटारीसाठी ती १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, दुचाकीसाठी ०.८ पर्यंत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, आणि जुलैतल्या सरीत तिथे कोपऱ्याकोपऱ्याला १.६ मिलिमीटरहून अधिक पाणी साचते. तेवढ्या पाण्यात त्या कायदेशीर टायरच्या खाचा काठोकाठ भरलेल्या असतात. मग उरते ते हवेच्या दाबाचे वर्गमूळ आणि नऊ.