जामखेडच्या बायका आणि आपली आशाताई

मुरगुडात बसून जामखेडची गोष्ट कशाला, असं काही जणांना वाटेल. पण आपल्या गल्लीत गरोदर बाईची नोंद घ्यायला येते ना, त्या आशाताईची थोरली बहीण जामखेडची. म्हणून आज आपण तिकडं जाऊ.

१९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आलं. वेल्लोरला शिकलेले, पुढं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. सुरुवात झाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. आरोग्य विमा तेव्हा खेड्यात कुणाला ठाऊक? आजारपण आलं की सावकार गाठायचा, नाहीतर दारातलं शेरडू विकायचं.

लोकांना विचारलं, तर त्यांनी आधी औषध मागितलंच नाही. पाणी आणि अन्न मागितलं. १९७२ चा दुष्काळ तर पुढं उभाच होता. मग कूपनलिका खोदल्या, आणि त्यातले हापसे मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाणी हवं तर साऱ्या गावानं तिथं यायचं! जुलाबावरचा आणि शिवाशिवीवरचा इलाज एकाच हापशाला.

दुसरी अडचण अशी, की शिकलेल्या नर्सबाई खेड्यात मुक्कामाला राहीनात. तेव्हा गावानंच आपली एक बाई निवडायची असं ठरलं. यातल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित. या बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, शिकायच्या, एका पंगतीत जेवायच्या. बाळाचं वजन, मीठ-साखरेचं पाणी, बाळंतपण, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, हे सगळं त्यांच्या हाती आलं. हजारी १७६ असलेले बालमृत्यू नव्वदच्या दशकात तिशीच्या आत आले, असं प्रकल्पाची आकडेवारी सांगते.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. सरकारची आशा मात्र २००५ ची. आमच्या मते तिच्यात जामखेडची बाई निम्मीच उतरली. ती गावाला उत्तर द्यायची. आशाताईला आधी रजिस्टर भरावं लागतं, आणि मोबदल्यासाठी मोर्चा काढावा लागतो.

आता महात्मा फुले योजना आहे, मान्य. पण ती कामाला येते दवाखान्यात भरती झाल्यावर. साध्या तापाला, बाळाच्या जुलाबाला, घरातल्या म्हाताऱ्याच्या रोजच्या बीपीच्या गोळीला ते कार्ड चालत नाही. तिथं अजून उपकेंद्र, आणि दारात आलेली ती बाईच.